उच्चार तोच, अक्षर वेगळे

एप्रिल १९२३. टोकियोच्या उएनो उद्यानात चेरीला बहर आला आहे. नौदलाच्या विद्यालयातून नुकताच अव्वल क्रमांकाने बाहेर पडलेला ओगामी इचिरो हा तरुण अधिकारी, एका गुप्त लढाऊ पथकाची सूत्रे हाती घेण्यासाठी राजधानीत दाखल झाला आहे. त्याला उतरवून घ्यायला आलेली मुलगी मात्र त्याला छावणीत नेत नाही. ती त्याला गिंझा भागातील एका भव्य नाट्यगृहात नेते. तिथला मद्यप्रेमी व्यवस्थापक त्याच्यावर जबाबदारी सोपवतो ती दारात उभे राहून प्रेक्षकांची तिकिटे फाडण्याची. साम्राज्याचा सेनाधिकारी नाट्यगृहाचा डोअरकीपर होतो.

'साकुरा ताइसेन' या जपानी व्हिडिओ गेमची ही सुरुवात. शब्दशः अर्थ 'चेरीचे महायुद्ध'. २७ सप्टेंबर १९९६ रोजी सेगा कंपनीच्या सॅटर्न या यंत्रासाठी तो प्रसिद्ध झाला. मूळ कल्पना हिरोई ओजी यांची, पात्रांची रेखाटने फुजिशिमा कोसुके यांची, संहिता आकाहोरी सातोरू यांची आणि संगीत तानाका कोहेई यांचे. जपानमध्ये त्याला अफाट लोकप्रियता मिळाली. जपानबाहेर तो दीर्घकाळ अज्ञातच राहिला. मालिकेतील पाचवा खेळ २०१० साली अधिकृतपणे इंग्रजीत आला. पहिल्या खेळाचे भाषांतर चाहत्यांनीच पदरमोड करून २०१९ मध्ये पूर्ण केले. आपल्याकडे, जपानी साहित्य आवडीने वाचणाऱ्यांच्याही कानावर हे नाव क्वचितच पडले असेल. तरीही हा खेळ एखाद्या ऐतिहासिक कादंबरीसारखा वाचून पाहावा, असे मला वाटते. ऐतिहासिक कादंबरीला जे प्रश्न आपण विचारतो, ते सर्व त्याला विचारता येतात, आणि त्यातला एक फार अवघड आहे.

आधी त्याच्या घडणीविषयी थोडेसे. हा पात्र होऊन खेळायचा, व्यूहरचनेचा खेळ आहे. चौकटींच्या पटावर आळीपाळीने आपली माणसे हलवायची आणि शत्रूशी झुंजायचे. परंतु युद्धाचा भाग तुलनेने थोडा. बराच मोठा भाग संवादांचा. प्रत्येक प्रकरण दूरचित्रवाणी मालिकेच्या भागासारखे बेतलेले, शेवटी पुढच्या भागाची झलक दाखवणारे. संभाषणाच्या मोक्याच्या क्षणी पडद्यावर दोन-तीन उत्तरे येतात आणि वेळ सरू लागते. दिलेल्या वेळात काहीच निवडले नाही, तर खेळ आपल्यासाठी खोळंबत नाही. नायक गप्प राहिला असे धरले जाते आणि समोरचे पात्र त्या मौनाचा आपापल्या परीने अर्थ लावते. अशा उत्तरांतून सहकाऱ्यांचा जो विश्वास मिळतो वा गमावला जातो, त्यावर रणांगणातली त्यांची ताकद ठरते. मौन हेही उत्तर आहे, हे इतक्या साधेपणाने नियमात बसवणारी दुसरी कलाकृती मला चटकन आठवत नाही.

हे पथक म्हणजेच नाट्यगृहातील नट्यांचा संच. दिवसा तालमी आणि प्रयोग, संकट आले की तळघरातून वाफेवर चालणाऱ्या, माणसाहून मोठ्या चिलखती यंत्रांत बसून लढाई. जपानी भाषेत 'कागेकिदान' म्हणजे संगीत नाटक मंडळी. त्याच उच्चाराची पण वेगळी चिन्हे लिहिली, की अर्थ होतो 'फुलांचे आक्रमक पथक'. फलकावर एक लिहायचे, गुप्त कागदपत्रांत दुसरे. बोलताना कोणालाच फरक कळू नये. कथेचे सारे रहस्य या एका श्लेषावर तोललेले आहे.

दुसरा श्लेष कालगणनेत आहे. १९१२ ते १९२६ हा सम्राट योशिहितोंचा काळ जपानमध्ये 'ताइशो' पर्व म्हणून ओळखला जातो. यातील 'ताइ' हे अक्षर 'मोठा' या अर्थाचे. खेळात मात्र हे पर्व लिहिताना त्या अक्षराच्या पोटाशी एक टिंब दिले आहे. उच्चार तोच, अक्षर वेगळे. (अनुच्चारित अनुस्वारांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या आपल्या भाषेला टिंबाचे महत्त्व सांगायला नको.) या एका टिंबाने लेखकांनी स्वतःला मोकळीक मिळवून दिली : हा इतिहास नव्हे, इतिहासाच्या शेजारचे घर आहे. म्हणून इथे राजधानी वाफेवर चालते. प्रत्यक्षात गिंझातून विजेच्या ट्राम १९०३ पासूनच धावत होत्या.

वाफ का, याचे एक उत्तर साहित्याच्या इतिहासात आहे. के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात 'स्टीमपंक' हा शब्द थट्टेने वापरला; गिब्सन आणि स्टर्लिंग यांच्या 'द डिफरन्स इंजिन' या १९९० च्या कादंबरीने त्याला प्रतिष्ठा दिली. पण जपानी वाफेला स्मरणरंजनाचा वेगळा वास आहे. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेची वाफेच्या इंजिनाने ओढलेली शेवटची नियमित प्रवासी गाडी डिसेंबर १९७५ मध्ये धावली. हिरोई ओजी यांचा जन्म १९५४ चा. त्यांच्या पिढीला वाफ म्हणजे कारखान्याची काजळी नसून बालपणीचे फलाट. 'साकुरा ताइसेन'मधली वाफ इतकी शुभ्र का, ते यावरून कळते. सॅटर्नवरच १९९८ साली आलेला 'व्हाकेनरोडर' हा खेळ शेजारी ठेवला की फरक लक्षात येतो. नाव वाचताच जर्मन स्वच्छंदतावादी लेखक वाकेनरोडर आठवावा, रेखाटने मुराता रेंजी यांची, आणि वाफेचे जग मात्र कोंदट, उदास. त्या खेळाला फारसे कोणी विचारले नाही.

आता मुद्द्याकडे. आधीच्या लोकप्रिय साहित्यात ताइशो काळ रंगवला गेला नव्हता असे नाही. यामातो वाकी यांची 'हाइकारा-सान गा तोरू' ही १९७५ ते १९७७ या काळातील चित्रकथा घ्या. घोळदार हाकामा आणि पायांत पाश्चात्य बूट घातलेली तिची नायिका साकुराची थोरली बहीण शोभावी. किंवा आरामाता हिरोशी यांची १९८५ पासून प्रसिद्ध झालेली 'तेइतो मोनोगातारी' ही कादंबरीमाला घ्या, जिच्यात लष्करी गणवेशातला एक मांत्रिक राजधानीचा विध्वंस करू पाहतो. 'साकुरा ताइसेन'ने दोहोंकडून भरपूर उचलले आहे. परंतु त्या दोन्ही कृतींत एक घटना आहे, जी या खेळाने त्या नावाने आणि त्या तारखेला येऊ दिलेली नाही. ती म्हणजे १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप.

त्या दिवशी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना कांतो प्रदेश हादरला. चुलींवर जेवण शिजत होते, आगी पसरल्या. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,०५,००० माणसे गेली. असाकुसाचा बारा मजली मनोरा मधोमध तुटला. खेळाचे कथानक त्याच वर्षीच्या वसंतात सुरू होऊन पुढे सरकते, आणि त्यातल्या शहरावर जी संकटे येतात, ती मांत्रिकांनी आणलेली असतात. खलनायकांचा प्रमुख आहे तेन्काइ, म्हणजे तोकुगावा शोगुनांचा सल्लागार असलेला, १६४३ मध्ये वारलेला बौद्ध भिक्षू. तो थडग्यातून उठून जुनी सत्ता परत आणू पाहतो. उएनोतले कानेइ-जी मंदिर १६२५ मध्ये याच तेन्काइने उभारले आणि १८६८ मध्ये शोगुननिष्ठांचा पाडाव त्याच परिसरात झाला. नायकाने पहिले पाऊल उएनोत टाकावे, हा योगायोग नसावा. लेखकांना इतिहास पक्का ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी काय गाळले, ते मोजावेसे वाटते.

भूकंपानंतरच्या दिवसांत अफवा उठली, की कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत, आगी लावत आहेत. गल्लोगल्ली नागरिकांची 'संरक्षण पथके' उभी राहिली. हातांत बांबूचे भाले, तलवारी, अंकुश. पोलीस आणि सैनिकांचाही हत्यांत सहभाग होता. बळींचा सरकारी आकडा काही शेकड्यांवर थांबतो, इतर अंदाज सहा हजारांच्या पुढे जातात. कोरियन कोण हे ओळखायचे कसे? वाटसरूला थांबवून 'जूगोएन गोजिस्सेन', म्हणजे 'पंधरा येन पन्नास सेन', असे म्हणायला लावीत. कोरियन जिभेला यातली काही व्यंजने अवघड. उच्चार चुकला की संपले. कवी त्सुबोइ शिगेजी यांनी पुढे १९४८ मध्ये याच शब्दांचे शीर्षक देऊन दीर्घ कविता लिहिली.

या चाळणीतून जपानी माणसेही सुटली नाहीत. ५ सप्टेंबरला चिबा प्रांतातील केमिगावा येथे ज्या तिघांना मारले, ते ओकिनावा, आकिता आणि मिए या प्रांतांतले होते. दुसऱ्या दिवशी फुकुदा गावात कागावाहून आलेल्या फिरत्या औषधविक्रेत्यांपैकी नऊ जण मारले गेले. त्यांत मुलेही होती. बोली परकी वाटणे एवढे कारण पुरेसे होते. टोकियोच्या ओशिमा भागात शेकडो चिनी मजुरांची हत्या झाली.

हे वाचून पुन्हा खेळातल्या नट्यांची यादी डोळ्यांपुढे आणावी. शिंगूजी साकुरा सेन्दाइची, म्हणजे आकितासारखीच ईशान्येकडची. किरिशिमा कान्ना ओकिनावाची. री कोरान चीनमध्ये जन्मलेली, कोबेत वाढलेली आणि कान्साइ धाटणीची जपानी बोलणारी. मारिया ताचिबाना अर्धी रशियन, आयरिस फ्रेंच (आडनाव शातोब्रियाँ! साहित्याचे विद्यार्थी हसतील). पक्की टोकियोची म्हणावी अशी धनाढ्य घरातली कांझाकी सुमिरे तेवढी एक. त्या सप्टेंबरात खऱ्या टोकियोच्या एखाद्या पुलावर या साऱ्या जणींना थांबवून पंधरा येन पन्नास सेन म्हणायला लावले असते, तर किती जणी पलीकडे पोचल्या असत्या? खेळातले शहर त्यांच्या उच्चारांवर प्रेम करते, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवते. इतिहासातल्या शहराने त्याच उच्चारांसाठी माणसे मारली. आणि जिथे चीन आहे, रशिया आहे, फ्रान्स आहे, त्या संचात १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियाची मात्र एकही मुलगी नाही.

करमणुकीच्या खेळावर एवढा भार टाकणे अन्यायाचे नाही का, असे कोणी विचारील. मीही हा प्रश्न स्वतःला विचारला. परंतु वर्ष निवडले ते खेळानेच. नाट्यगृहे, कॅफे, आधुनिक तरुणी, लोकशाहीची हवा हे सारे १९२१ मध्येही होते. लेखकांना बरोबर तेच वर्ष हवे होते, ज्यात जुने टोकियो शेवटचे उभे होते. मग त्यांनी ते पडू दिले नाही. यात मृतांविषयीची बेपर्वाई आहे असे मी म्हणणार नाही. उलट शहराविषयीची एक आर्त ओढ आहे. पण ही ओढ केवळ इमारती वाचवते.

तिसरा श्लेष सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. री कोरान हे नाव. कोरान या खेळात यंत्रवेडी, विनोदी, चष्मा लावणारी, सतत काहीतरी स्फोटक बनवणारी मुलगी आहे. मला ती सर्वांत जवळची वाटते. तिच्या नावातील मधल्या अक्षराचा अर्थ 'लाल'. त्याच उच्चाराचे, पण 'सुगंधी' अर्थाचे अक्षर मध्ये घातले, की होते ती एक खरीखुरी व्यक्ती. यामागुची योशिको ही १९२० मध्ये मांचुरियात जपानी आईबापांच्या पोटी जन्मली. १९३८ मध्ये मांचुरियन चित्रपट संस्थेने तिला री कोरान या चिनी नावाने, चिनी नटी म्हणून पडद्यावर आणले. जपानवर प्रेम करणारी गोड चिनी मुलगी ही तिची ठरीव भूमिका, आणि साम्राज्याच्या प्रचाराचे ते एक प्रभावी साधन. युद्धानंतर शांघायमध्ये तिच्यावर चीनशी द्रोह केल्याचा खटला भरला गेला. आपण जपानी आहोत हे कुटुंबनोंदीच्या कागदावरून सिद्ध झाले, तेव्हा ती सुटली. पुढे १९७४ ते १९९२ ती जपानच्या वरिष्ठ सभागृहाची सदस्य होती. २०१४ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या आयुष्यावरचे शिकी नाट्यसंस्थेचे संगीत नाटक १९९१ मध्ये रंगभूमीवर आले होते, म्हणजे खेळाच्या निर्मितीच्या वेळी हे नाव चांगलेच कानावर होते.

ती ज्या संस्थेची तारका होती, तिचा प्रमुख १९३९ पासून होता आमाकासु मासाहिको. हाच तो लष्करी पोलीस अधिकारी, ज्याच्या नावावर १६ सप्टेंबर १९२३ ची, भूकंपानंतरच्या गोंधळातली हत्या आहे : अराजकवादी ओसुगी साकाए, त्यांची सहचरी आणि 'सेइतो' या स्त्रीवादी नियतकालिकाची शेवटची संपादक इतो नोए, आणि ओसुगींचा सहा वर्षांचा भाचा. शिक्षा दहा वर्षांची झाली, सुटका तीनेक वर्षांत. मग फ्रान्स, मग मांचुरिया, मग चित्रपट. ऑगस्ट १९४५ मध्ये त्याने विष घेतले. म्हणजे खेळाने जो सप्टेंबर पुढच्या दाराने येऊ दिला नाही, तो कोरानच्या नावाचा उच्चार धरून मागच्या दाराने आत आलाच.

लेखकांच्या मनात हे होते का? मला वाटते, त्यांच्या मनात एक चटपटीत, ओळखीचे वाटणारे चिनी नाव होते, इतकेच. पण शब्दांना त्यांचे पूर्वायुष्य असते, आणि श्लेष करणाऱ्याला ते टाळता येत नाही. उलट एक गोष्ट खेळाच्या बाजूनेही मांडली पाहिजे. पडद्यावरच्या री कोरानला स्वतःचे असे काही करायचे नसे. तिने जपानी नायकाकडे पाहायचे. खेळातली कोरान चिलखते दुरुस्त करते. तिच्या हातांवाचून साम्राज्याचे पथक जागचे हलणार नाही. नायकाने तिच्याशी चुकीचे बोलले, किंवा बोलायच्या वेळी तो गप्प बसला, तर किंमत त्याला मोजावी लागते.

नाट्यगृहाची कल्पनाही अशीच दुहेरी आहे. तिचे मूळ ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळीत. कोबायाशी इचिझो या रेल्वे उद्योजकाने १९१३ मध्ये ती स्थापली, ती आपल्या विजेच्या गाडीला शेवटच्या स्थानकापर्यंत उतारू मिळावेत म्हणून. पहिला प्रयोग १९१४ मध्ये, बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर रंगमंच बांधून झाला. (गंधर्व नाटक मंडळीही १९१३ चीच. तिकडे स्त्रिया पुरुष होत होत्या आणि इकडे पुरुष स्त्रिया.) 'फुलांचा संच' हे नावदेखील ताकाराझुकाचेच. पुरुषाच्या हाती तिकिटांचा गठ्ठा आणि शस्त्रे बायकांच्या हाती, ही उलटापालट खेळाने मनापासून केली आहे. खेळात नट्यांना आवाज देणाऱ्या कलावतींनी १९९७ ते २००६ या काळात त्याच भूमिका प्रत्यक्ष रंगभूमीवर केल्या, तेव्हा गिंझाचे ते काल्पनिक नाट्यगृह थोडेफार खरे झाले. फक्त फलकावरचा 'साम्राज्य' हा शब्द कोणी कधी खाली उतरवला नाही. मालिकेतल्या दुसऱ्या, १९९८ च्या खेळात लष्करमंत्री क्योगोकु बंड करून उठतो. १९३६ च्या फेब्रुवारीतील लष्करी उठावाची सावली तिथे स्पष्ट पडते. बंडखोर वाईट निघतात, साम्राज्य निष्कलंक राहते.

ऑगस्ट २०२३ मध्ये, भूकंपाला शंभर वर्षे पुरी होत असताना, जपान सरकारच्या प्रवक्त्याने सांगितले की कोरियनांच्या हत्यांची वस्तुस्थिती समजेल अशा नोंदी सरकारकडे आढळत नाहीत. त्याआधी २०१७ मध्ये टोकियोच्या राज्यपालांनी योकोआमिचो उद्यानातल्या वार्षिक स्मृतिसभेला श्रद्धांजलीचा संदेश पाठवणे थांबवले होते. वेळेची पट्टी सरून गेल्यावर मौन उत्तर म्हणून धरले जाते, हा नियम त्या खेळापुरता नाही.

टिंब दिलेले ताइशो पर्व मात्र संपलेच नाही. खरे पर्व पंधराव्या वर्षी, डिसेंबर १९२६ मध्ये, सम्राटाबरोबर मावळले. २०१९ मध्ये आलेल्या 'शिन साकुरा ताइसेन'चे कथानक घडते ते ताइशो २९ मध्ये. आपल्या गणतीने हे १९४० साल. त्या वर्षी टोकियोत एक जागतिक स्पर्धा भरली आहे आणि लंडन, बर्लिन, शांघाय अशा शहरांची नाट्यपथके खिलाडूपणे झुंजायला आली आहेत. १९४० चे ऑलिंपिक टोकियोला मिळाले होते. चीनशी युद्ध पेटल्यावर जपानने ते १९३८ मध्ये परत केले. शांघायचा चिनी भाग १९३७ पासून जपानी सैन्याच्या ताब्यात होता. आणि त्याच १९४० साली जपानी चित्रगृहांत 'शिना नो योरू' झळकला. शांघायमधल्या एका अनाथ चिनी मुलीची आणि जपानी जहाजावरच्या अधिकाऱ्याची ती प्रेमकथा. तो तिच्या थोबाडीत मारतो, आणि त्या क्षणी तिला त्याचे प्रेम कळते. नायिकेचे नाव श्रेयनामावलीत री कोरान असे होते, 'सुगंधी' अर्थाच्या अक्षराने लिहिलेले.